प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशी वडिलांच्या मेंदूत घालता येतील का?

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. तुमच्या वडिलांना नऊ वर्षांपासून पार्किन्सनचा आजार आहे आणि पूर्वी पाच तास पुरणारी गोळी आता अडीच तासांत उतरते. तुमच्या आत्यांचा उजवा हात तीन वर्षांपूर्वीच्या अर्धांगवायूच्या झटक्यानंतर जवळपास निकामी झाला आहे. एका खासगी केंद्राने या दोघांनाही पाठीच्या कण्यातून 'स्टेम सेल'ची, म्हणजे मूळ पेशींची, प्रत्येकी तीन इंजेक्शने सुचवली असून माणशी साडेचार लाख रुपये खर्च सांगितला आहे. याच सुमारास मानवी मेंदूची ऊती प्रयोगशाळेत वाढवल्याची बातमी तुमच्या वाचनात आली. जे बशीत वाढते ते डोक्यात का बसवता येऊ नये, हे केंद्र तेच करते आहे का, आणि पुण्यात याची खात्रीशीर सोय कुठे आहे, असे तुम्ही विचारता.

मी पुण्यात चोवीस वर्षे पेशीसंवर्धनाचे काम करते आहे आणि त्यांतली अलीकडची बारा-तेरा वर्षे बहुतेक मानवी चेतापेशी वाढवण्यात गेली आहेत. मी रुग्ण तपासत नाही, त्यामुळे उपचारांबद्दलचा शेवटचा शब्द वडिलांच्या न्यूरॉलॉजिस्टचाच असायला हवा. पण कुपीत कोणती पेशी आहे आणि ती काय करू शकते, हे सांगणे माझ्या रोजच्या कामात येते. बातमीतली ऊती आणि त्या केंद्राच्या कुपीतल्या पेशी यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, हे आधी सांगून टाकते. शिवाय पेशी वाढवणे ही आता या विषयातली सर्वांत अवघड पायरी राहिलेली नाही. त्या पेशीला मेंदूत नेमके कोणते काम द्यायचे आणि ते तिला झेपेल का, हे ठरवणे अवघड आहे. वडिलांच्या आजारात ते काम आखून देता येते, आत्यांच्या आजारात ते अजून साधलेले नाही. दोन इतक्या वेगळ्या आजारांवर एकच इंजेक्शन म्हटल्यावर तुम्हाला शंका आली, ती रास्त होती.

पेशी शरीराबाहेर वाढवण्याच्या शास्त्राची सुरुवातच चेतापेशीपासून झाली. १९०७ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील चेताऊतीचा कण लसिकेच्या लोंबत्या थेंबात ठेवला आणि त्यातून तंतू फुटताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. माणसाच्या बाबतीत मात्र हे काम शंभर वर्षे अडून राहिले. संवर्धन म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे विरजण येते: चमचाभर दही घातले की सकाळी पातेलेभर दही तयार. पक्व चेतापेशीचे विरजण लागत नाही, कारण ती विभागून एकीच्या दोन होतच नाही. म्हणून सुरुवात अशा पेशीपासून करावी लागते जी विभागतेही आणि जिने आपण कोण व्हायचे हे अजून ठरवलेले नाही. १९९८ साली विस्कॉन्सिनमध्ये जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून अशा मूळ पेशी वेगळ्या केल्या. २००६ साली क्योतोच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेतल्या साध्या पेशीत चार जनुके घालून तिला पुन्हा त्या अनिर्णित अवस्थेत नेले, २००७ मध्ये तेच मानवी पेशीत करून दाखवले, आणि २०१२ मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर भ्रूणाशिवायही, कोणाच्याही त्वचेपासून किंवा रक्तापासून चेतापेशी घडवता येऊ लागल्या.

त्या कशा घडतात हे थोडे जवळून सांगते, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. मूळ पेशीला चेतापेशी व्हायला भाग पाडावे लागत नाही. तिला दुसरे काहीतरी व्हायला सांगणारे दोन रासायनिक निरोप अडवले की ती आपोआप चेतासंस्थेच्या वाटेला लागते. २००९ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत आज जवळजवळ सगळ्या प्रयोगशाळा वापरतात. साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी बशीत पेशी शेवंतीच्या फुलासारख्या वर्तुळाकार मांडून बसलेल्या दिसतात. भ्रूणात मेंदूची जी नळी बनते तिचा हा आडवा छेदच म्हणायचा. ही फुले पहिल्यांदा दिसली तेव्हा मी सूक्ष्मदर्शकापासून हलले नव्हते आणि रात्री साडेआठला सुरक्षारक्षकाने येऊन दिवे बंद करू का असे विचारले होते. त्यानंतर कोणते द्रव्य कोणत्या दिवशी आणि किती द्यायचे यावर ठरते की ती पेशी पुढच्या मेंदूची होणार, मध्यमेंदूची होणार की मेरुरज्जूची. मात्रेत थोडाही फरक पडला तर ती शेजारच्या घरी जाते.

मग वाट पाहणे आले. मानवी चेतापेशीला पक्व व्हायला महिने लागतात. गर्भातले घड्याळ बशीतही त्याच गतीने चालते आणि त्याला फार घाई करता येत नाही. तोवर ३७ अंश तापमान, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि मूळ पेशींच्या अवस्थेत असताना रोजच्या रोज मीडियम, म्हणजे पेशींचा पोषक द्रव, बदलणे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हातमोजे घालून लॅमिनारसमोर, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर, बसण्याची पाळी आमच्याकडे चिठ्ठ्या टाकून ठरते. पुण्यात गुरुवार हा वीज आणि पाणी दोन्हींच्या दुरुस्तीचा वार असल्यामुळे बुधवारी संध्याकाळी जनरेटरचे डिझेल पाहणे हे आमच्या नोंदवहीत लिहिलेले काम आहे. पावसाळा सर्वांत वाईट. एका जुलैमध्ये आमच्या इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ताटात बुरशी शिरली आणि साडेतीन महिने जोपासलेल्या चेतापेशींच्या अकरा बशा एका सकाळी ब्लीचमध्ये ओताव्या लागल्या. दोष आमचाच होता. ताट बदलण्याची तारीख उलटून गेली होती. हे सांगण्याचे कारण इतकेच की माणसाच्या मेंदूत घालायची पेशी ही एवढ्या धोक्यांतून एकदा नव्हे तर प्रत्येक खेपेस निर्दोष बाहेर पडावी लागते.

आता बातमीतल्या ऊतीकडे येऊ. तिला ऑर्गनॉइड म्हणतात. जपानमध्ये योशिकी सासाई यांच्या गटाने २००८ साली मूळ पेशींचे गोळे तरंगते ठेवले असता त्या आपण होऊन मेंदूच्या बाह्यकासारखे, म्हणजे बाहेरच्या आवरणासारखे, थर रचतात हे दाखवले, आणि २०१३ साली व्हिएन्नामध्ये मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गन क्नोब्लिख यांनी त्यातून भ्रूणाच्या मेंदूसारखी, अनेक भाग असलेली ऊती वाढवली. प्रत्यक्षात हा ऑर्गनॉइड भिजलेल्या साबुदाण्याएवढा असतो, तीन-चार मिलिमीटरचा, पांढुरका, हलत्या थाळीवर मीडियममध्ये सावकाश फिरणारा. कधी कधी त्याच्या कडेला एक काळा ठिपका दिसतो. डोळ्याच्या पडद्यातल्या रंगद्रव्याच्या पेशी तिथे आपोआप तयार झालेल्या असतात. नवीन विद्यार्थी तो ठिपका पाहून दचकतात.

साबुदाण्याच्या पुढे तो वाढत का नाही, याचे उत्तर त्याचा छेद घेतला की मिळते. आतला भाग मेलेला असतो. त्याला रक्तवाहिन्या नाहीत, आणि प्राणवायू बाहेरून झिरपत अर्ध्या मिलिमीटरपर्यंतही धड पोहोचत नाही. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांना रक्त, संरक्षक पेशी आणि तंतूंवरचे आवरण लागते. ऑर्गनॉइडमध्ये त्यांतले बरेचसे नसते किंवा वेगळे घालावे लागते. म्हणून 'प्रयोगशाळेत मेंदू वाढवला' हा मथळा मला पटत नाही. रोग समजून घेण्यासाठी मात्र या साबुदाण्याने मोठे काम केले आहे. २०१६ साली झिका विषाणू गर्भातील मेंदूच्या जनक पेशींवरच हल्ला करतो आणि म्हणून बाळांची डोकी लहान राहतात, हे याच ऊतीवर स्पष्ट दिसले.

हा गोळा मेंदूत बसवून पाहिलेला नाही असे नाही, पण उंदीरवर्गीय प्राण्यांत. २०२२ साली स्टॅनफर्डमध्ये सर्ज्यू पाश्का यांच्या गटाने प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या नवजात घुशींच्या मेंदूत मानवी ऑर्गनॉइड बसवला. त्याला यजमानाच्या रक्तवाहिन्या मिळाल्या, तो त्या अर्धगोलाचा जवळपास एक तृतीयांश भाग व्यापण्याइतका वाढला, आणि मिशांना स्पर्श केल्यावर त्यातल्या मानवी चेतापेशी प्रतिसाद देऊ लागल्या. बातमी वाचताना यातला 'नवजात' हा शब्द नजरेतून निसटतो. त्या वयात मेंदूच्या जोडण्या चालूच असतात, त्यामुळे आलेल्या पाहुण्यालाही पंगतीत जागा मिळते. पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियातील एका गटाने प्रौढ घुशींच्या जखमी दृष्टिकेंद्रात असे रोपण करून त्यातील काही पेशी प्रकाशाला प्रतिसाद देतात हे दाखवले. ते महत्त्वाचे आहे, पण प्रतिसाद देणे आणि गेलेली दृष्टी परत येणे यांत फार अंतर आहे.

मग पार्किन्सनमध्ये मी आशा का धरते? कारण त्या आजारात हरवलेली गोष्ट मोजकी आहे आणि तिचे काम तुलनेने सोपे आहे. मध्यमेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा या भागात दोन्ही बाजूंना मिळून डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे रसायन बनवणाऱ्या चार-पाच लाख पेशी असतात, आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गेल्या की कंप, ताठरपणा आणि मंदपणा दिसू लागतो. या पेशी टेलिफोनच्या तारेसारखा ठरावीक निरोप ठरावीक माणसाला पोहोचवत नाहीत. त्यांचे काम ठिबक सिंचनाच्या नळीसारखे आहे: एकेका पेशीचा तंतू असंख्य फांद्यांनी पसरतो आणि एका मोठ्या क्षेत्रात डोपामिनची ओल कायम राखतो. म्हणून नवी पेशी अगदी मूळच्या जोडणीने बसली नाही तरी, योग्य जागी डोपामिन झिरपवू लागली तर उपयोग होतो. शल्यचिकित्सक ती पेशी मध्यमेंदूत ठेवतही नाहीत, कारण तिथून तंतू वाढून लक्ष्यापर्यंत पोहोचायला अंतर फार पडते. ती थेट पुटामेनमध्ये, म्हणजे जिथे डोपामिन हवे तिथेच सोडली जाते. कालवा दुरुस्त होत नसेल तर शेतातच विहीर खणावी, तसा हा प्रकार आहे.

ही कल्पना आजची नाही. १९८७ पासून स्वीडनमधील लुंड येथे गर्भपातातून मिळालेल्या भ्रूणाच्या मध्यमेंदूची ऊती पार्किन्सनच्या रुग्णांत घालून पाहण्यात आली. काही रुग्णांना वर्षानुवर्षे फायदा झाला आणि एका रुग्णाच्या मेंदूत २४ वर्षांनंतरही त्या पेशी जिवंत आढळल्या. पण एका रुग्णासाठी अनेक भ्रूणांची ऊती लागे, दोन खेपा सारख्या नसत, आणि अमेरिकेत २००१ व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, खोट्या शस्त्रक्रियेशी तुलना करणाऱ्या दोन चाचण्यांत ठरवलेले मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नाही. उलट काही रुग्णांत गोळी बंद असतानाही थांबत नसलेल्या अनैच्छिक हालचाली सुरू झाल्या. २००८ साली आणखी एक गोष्ट उघड झाली: दहा-पंधरा वर्षे जुन्या रोपणातल्या काही पेशींतही आजाराच्या खुणा असलेले प्रथिनांचे गोळे दिसले, म्हणजे आजार नव्या पेशींपर्यंतही पोहोचतो, मात्र सावकाश.

बशीत वाढवलेल्या पेशींनी यातला निदान 'दोन खेपा सारख्या नाहीत' हा दोष बराचसा दूर केला. एप्रिल २०२५ मध्ये दोन मानवी चाचण्यांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. उत्तर अमेरिकेतील चाचणीत भ्रूणज मूळ पेशींपासून बनवलेल्या डोपामिन-जनक पेशी १२ रुग्णांना देण्यात आल्या. कमी मात्रेत मेंदूच्या प्रत्येक बाजूला नऊ लाख आणि जास्त मात्रेत २७ लाख. क्योतोमध्ये जून ताकाहाशी यांच्या गटाने यामानाका पद्धतीच्या पेशींपासून बनवलेल्या पेशी सात रुग्णांना दिल्या. अनुक्रमे १८ व २४ महिन्यांपर्यंत कोणालाही गाठ झाली नाही. क्योतोतील परिणामकारकतेसाठी तपासलेल्या सहांपैकी चौघांच्या, औषध उतरलेल्या अवस्थेतील हालचाली सुधारल्या आणि पुटामेनमध्ये डोपामिनची निर्मिती वाढल्याचे स्कॅनवर दिसले. या दोन्ही चाचण्या सुरक्षितता पाहण्यासाठी होत्या आणि त्यांत तुलनेचा गट नव्हता. तसा गट असलेली मोठी चाचणी अमेरिकेत २०२५ मध्येच सुरू झाली. तिचे उत्तर येईपर्यंत 'उपचार सापडला' असे मी म्हणणार नाही.

या चाचण्यांत घातलेली पेशी तुमच्या कल्पनेतल्या 'ऊती'पेक्षा वेगळी आहे. पूर्ण वाढलेली चेतापेशी उपटून दुसरीकडे लावली तर तिचे तंतू तुटतात आणि ती मरते, वाढलेले वांग्याचे झाड मुळांसकट हलवले तर मरते तसे. म्हणून रोपवाटिकेतल्या रोपाच्या अवस्थेत, आपण डोपामिन-पेशी होणार हे ठरलेले पण अजून न झालेले, अशा पेशी घालतात. त्यातल्याही पुष्कळ पेशी पहिल्या काही दिवसांत मरतात. उरलेल्यांना पक्व व्हायला महिने लागतात, आणि दुसऱ्याच्या पेशी असल्याने तोवर साधारण वर्षभर किंवा थोडे अधिक काळ प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात.

आणि त्या खेपेत एकही 'न ठरलेली' मूळ पेशी राहता कामा नये, कारण ती मेंदूत वाढत राहू शकते. बाहेरच्या माणसाला पटकन न कळणारी एक गोष्ट इथे सांगते: पेशी फार चांगल्या वाढू लागल्या की मला धास्ती वाटते. काही वर्षांपूर्वी आमची एक वाण, म्हणजे एकाच पेशीवंशातून वाढवत ठेवलेल्या पेशी, अचानक दुप्पट जोमाने वाढू लागली, मरणाऱ्या पेशी दिसेनाशा झाल्या, आणि विद्यार्थी खूश झाले. गुणसूत्रांची नेहमीची तपासणी निर्दोष आली. मी विसाव्या गुणसूत्राच्या त्या कुप्रसिद्ध तुकड्याची वेगळी तपासणी करायला लावली, कारण तो तुकडा इतका लहान असतो की नेहमीच्या तपासणीत दिसत नाही. तो जास्तीचा निघाला. तो तुकडा पेशीला मरण टाळायला मदत करतो. बशीत त्याला आपण जोम म्हणतो, रुग्णाच्या डोक्यात त्याला वेगळे नाव पडले असते. ती वाण आम्ही गोठवून, लाल पट्टी लावून, फक्त शिकवण्यासाठी ठेवली आहे.

आत्यांच्या बाबतीत लिहिताना मला जड जाते. मोठी रक्तवाहिनी तुंबून येणाऱ्या झटक्यात उपचार मिळेपर्यंत मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात असा अंदाज आहे. वर सांगितलेली जास्तीची मात्रा दोन्ही बाजू मिळून ५४ लाखांची होती, म्हणजे आत्यांच्या झटक्याच्या तीन मिनिटांचीही भरपाई नव्हे. संख्येचा प्रश्न उद्या सुटेलही, पण जोडण्यांचा सुटत नाही. हात हलवणारी चेतापेशी बाह्यकाच्या ठरावीक थरात असते, तिचा तंतू मेंदूतून उतरून मानेतल्या मेरुरज्जूपर्यंत जातो आणि तिथे ठरावीक पेशीलाच जोडलेला असतो. शिवाय शेजारच्या शेकडो पेशींशी तिचे आयुष्यभराच्या सवयीने जमलेले असते. आमच्या आजी १९६१ च्या पानशेतच्या पुराबद्दल सांगताना नदीकाठच्या पेठांतल्या घरांपेक्षा शेजाराबद्दलच जास्त बोलत. पूरग्रस्तांना गोखलेनगरला, सहकारनगरला घरे मिळाली, पण कोणाच्या दारात कोणी वाटी घेऊन यायचे तो क्रम परत आला नाही. झटक्यानंतर मेंदूत उरलेल्या पोकळीत चेतापेशी सोडल्या तर त्या जगतीलही, पण कोणाशी बोलायचे हे त्यांना सांगणारे तिथे कोणी नसते, आणि कडेला व्रणाची भिंत झालेली असते. यावर जगभर काम चालू आहे. आत्यांच्या हातासाठी आज देण्यासारखे त्यातून काही निघालेले नाही.

आता त्या केंद्राची कुपी. पत्रासोबत तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकात 'मेसेन्कायमल' असा शब्द आहे, आणि तो वाचून माझे काम सोपे झाले. या पेशी अस्थिमज्जेतून, चरबीतून किंवा नाळेतून काढतात. शरीरात त्यांचे काम हाड, कूर्चा, चरबी बनवण्याचे. त्या चेतापेशी होत नाहीत. कण्यातल्या पाण्यात सोडल्यावर त्या काही काळ सूज कमी करणारी द्रव्ये स्रवू शकतात आणि मग नाहीशा होतात. त्या मेंदूतल्या पुटामेनपर्यंत जाऊन डोपामिन बनवू लागतील याला आधार नाही.

'त्या चेतापेशी होतात' हा समज कुठून आला हे मला चांगले ठाऊक आहे, कारण एके काळी मीही त्याला भुलले होते. २००० साली न्यू जर्सीतील एका गटाने लिहिले की मज्जेतील अशा पेशींना काही रसायने दिली की पाच तासांत त्या चेतापेशींसारख्या दिसू लागतात. मी तेव्हा या क्षेत्रात नवीन होते. प्रयोग करून पाहिला, दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली लांब शेंड्यांच्या, गोल अंगाच्या पेशी दिसल्या, रंगद्रव्याची चाचणीही बरोबर आली, आणि आम्ही पेढे आणले. दोन आठवड्यांनी एका सहकारी मुलीने तीच रसायने त्वचेच्या साध्या पेशींना दिली, आणि त्याही तितक्याच 'चेतापेशी' झाल्या. २००४ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी याचा उलगडा छापला: विषारी रसायनांमुळे पेशी आक्रसते, तिचे अंग गोळा होते आणि जिथे ती बशीला चिकटलेली असते तिथे शेपट्या उरतात. आम्ही पाहिल्या त्या चेतापेशी नव्हत्या, गुदमरलेल्या पेशी होत्या. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावरचे छायाचित्र मला त्याच घराण्यातले वाटते.

यात धोका फक्त पैशांचा नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीनुसार, मॉस्कोत मेंदूत व कण्यात गर्भातून घेतलेल्या चेता-मूळ पेशींची इंजेक्शने घेतलेल्या एका मुलाच्या मेंदूत आणि मेरुरज्जूभोवती दात्याच्या पेशींपासूनच गाठी वाढल्या. २०१६ मध्ये आणखी एक नोंद आली: अर्धांगवायूनंतर वेगवेगळ्या देशांत जाऊन अशी इंजेक्शने घेतलेल्या एका अमेरिकन गृहस्थांच्या कण्यात दुसऱ्याच्या पेशींची गाठ झाली.

'पण ओळखीच्या एका काकांना फरक पडला' असे तुम्ही लिहिले आहे. ते खोटे बोलत असतील असे मी म्हणत नाही. पार्किन्सनमध्ये अपेक्षेचा परिणाम विलक्षण असतो. २००१ साली व्हँकुव्हरच्या संशोधकांनी स्कॅनवर दाखवले की औषध समजून मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन घेतलेल्या रुग्णांच्या मेंदूत खरोखरीच डोपामिन सुटते. म्हणूनच वरच्या अमेरिकन चाचण्यांत तुलनेच्या गटाच्या कवटीला नुसतेच छिद्र पाडले गेले होते. साडेचार लाख भरल्यावर अपेक्षा कमी नसते.

कायद्याची बाजू थोडक्यात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचे मज्जारोपण वगळता मूळ पेशींचा वापर मंजूर चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पैसे मागितले की ती चाचणी नव्हे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. पुण्यात मानवी चेतापेशींवर संशोधन होते. गणेशखिंडीतले राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, जे देशभरच्या प्रयोगशाळांना निरनिराळ्या वाणांच्या पेशी पुरवते, आणि इतर संस्था आजार समजून घेण्यासाठी व औषधे पारखण्यासाठी पेशी वापरतात. आमच्या फ्रीजमध्येही अशा पेशी आहेत. त्या तुमच्या वडिलांना देण्याच्या दर्जाच्या नाहीत आणि मी त्या कोणत्याही किमतीला देणार नाही.

वडिलांसाठी आज करण्यासारख्या गोष्टी आहेत. आठ दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाला गोळी चढली की उतरली याची वही ठेवा आणि ती न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. लेव्होडोपाची गोळी जेवणाआधी अर्धा तास घेतात की वरणभात-पनीरसोबत, हे विचारा, कारण प्रथिने आणि ते औषध आतड्यात व मेंदूच्या दारात एकाच वाटेसाठी भांडतात. कित्येकांचे अडीच तास नुसत्या या बदलाने वाढतात. गोळी चांगली लागते पण टिकत नाही, अशाच रुग्णांसाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया असते, ती पुण्यात होते, आणि तिच्यासाठी वय व स्मरणशक्ती पाहावी लागते. तेव्हा तो विषय पुढे ढकलू नका. आत्यांना मनगट थोडेसे जरी वर उचलता येत असेल, तर चांगला हात बांधून अधू हाताकडून काम करून घेण्याच्या व्यायामपद्धतीबद्दल फिजिओथेरपिस्टशी बोला. झटक्याला बरेच महिने उलटून गेलेल्या रुग्णांतही तिचा उपयोग दिसला आहे.

केंद्राला मात्र एक ओळीचे पत्र पाठवा: कुपीतील पेशीचा प्रकार, ती कोणाच्या शरीरातून घेतली, आणि चाचणीचा भारतीय नोंदवहीतील सीटीआरआय क्रमांक लेखी कळवावा. उत्तर आले तर त्याची प्रत मला पाठवा, मी वाचून सांगेन.